चौघांतला एक गप्प का?



गणपती जवळ आले की आमच्या कसबा पेठेत संध्याकाळचा अभ्यास कानांत बोटं घालूनच करावा लागतो. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो ना! मानाचा पहिला गणपती आमच्याच पेठेतला. मग आवाजाची तक्रार करणार कोण? आता एक प्रश्न. पन्नास ढोल एका तालात वाजतायत आणि त्यांतल्या एकाचं पान सैल पडलं, तर तुम्हांला कळेल का? कठीण आहे. पण चारच ढोल असतील, आणि तेही पाळीपाळीनं, एकामागून एक वाजत असतील तर? मग लहान मूलसुद्धा सांगेल, की चौघांतला एक बसलाय.

मोटारगाडीचं इंजिन म्हणजे असेच पाळीपाळीनं वाजणारे चार ढोल. त्यांतला एक बसला तर गाडीची काय गत होते, तो नेमका कोणता हे कसं शोधतात, आणि तो का बसला हे इंजिन न उघडता कसं ओळखतात, ते आज पाहू या. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारं निम्मं शहाणपण तुमच्या गल्लीतल्या सायकलच्या दुकानात आहे आणि निम्मं घरच्या स्वयंपाकघरात!

इंजिनातले चार गडी

सिलिंडर म्हटलं की आपल्याला गॅसची टाकी आठवते. इंजिनातला सिलिंडर म्हणजे धातूत कोरलेली गोल, गुळगुळीत विहीर. तिच्यात खाली-वर करणारा दट्ट्या, म्हणजे पिस्टन. विहिरीवर घट्ट बसवलेलं जाड झाकण, त्याला गॅरेजमध्ये 'हेड' म्हणतात. झाकणात दोन दारं असतात. एक आत येण्याचं, एक बाहेर जाण्याचं. ही दारं म्हणजे झडपा. पुस्तकात त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात, गॅरेजमधली मंडळी नुसतं 'वॉल' म्हणतात. काही गाड्यांत एका सिलिंडरला चार दारंही असतात, पण काम तेच. आणि झाकणात बसलेला, ठिणगी टाकणारा प्लग.

आता दट्ट्याचं काम बघा. तो खाली येतो तेव्हा आत येण्याचं दार उघडतं आणि हवा व पेट्रोलचं मिश्रण आत शिरतं. मग दोन्ही दारं बंद होतात आणि दट्ट्या वर जाऊन ते मिश्रण दाबतो. नेमक्या वेळी प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं, फुगतं आणि दट्ट्याला जोरात खाली ढकलतं. गाडीला ओढणारी ताकद ती हीच. शेवटी बाहेर जाण्याचं दार उघडतं आणि दट्ट्या वर येताना जळका धूर सायलेन्सरकडे ढकलून देतो. ओढ, दाब, पेट, फेक. चार शब्द पाठ करून टाका!

या चारांतला 'दाब' आज आपला नायक आहे. तो किती असतो? आकडेमोड करू. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना प्रीमियर पद्मिनी नक्की आठवत असेल. आधी ती 'फियाट' म्हणून ओळखली जायची. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तिच्या इंजिनाचं माप होतं १०८९ घनसेंटीमीटर. चार सिलिंडरांनी भागा. एका वाट्याला आले सुमारे २७२. म्हणजे मोठा पेला भरेल इतकी हवा. ती सगळी दट्ट्या दोन-तीन मोठ्या चमच्यांएवढ्या जागेत कोंबतो! पेट्रोलच्या निरोगी इंजिनात त्या वेळी दाब साधारण १२५ ते १७५ पौंड भरतो. (पौंड म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. हवा भरणाऱ्या दुकानात हेच माप चालतं.) गाडीच्या चाकात हवा असते सुमारे ३० पौंड. आता कल्पना करा, चाकाच्या चार-पाच पट दाब, आणि तो मिनिटातून शेकडो वेळा!

एवढा दाब धरून ठेवायचा तर विहीर चहूबाजूंनी हवाबंद हवी. इथे स्वयंपाकघरात डोकावा. कुकरच्या झाकणाची रबरी रिंग जुनी झाली की काय होतं? वाफ कडेनं फुसफुसत निघून जाते, शिटी होतच नाही, आणि गॅस भरपूर जाळूनही डाळ टणकच राहते. इंजिनाचंही तसंच. दाब निसटला तर मिश्रण नीट पेटत नाही. पेट्रोल जातं, ताकद येत नाही.

तुमचं आजोळ खेड्यात असेल, तर हा दाब तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलाही असेल. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हॅंडल मारून सुरू करतात ना? सुरू करणारा माणूस आधी इंजिनावरची एक छोटी दांडी उचलून धरतो, मग हॅंडल गरगरा फिरवतो, आणि वेग आला की दांडी सोडतो. ती दांडी झडप किंचित उघडी धरते. झडप उघडी म्हणजे दाब नाही, म्हणून हॅंडल सहज फिरतं. दांडी सोडली की झडप मिटते, दाब भरतो आणि इंजिन 'टुक टुक' करत जागं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लगच नसतो. हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनंच इंधन पेटतं. दाबानं हवा तापते हे पटत नसेल, तर सायकलच्या पंपानं हवा भरल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. अशी पाण्याची इंजिनं बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये आपल्या पुण्यातच, खडकीला सुरू झाली.

एक गप्प बसला तर?

चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ते १-३-४-२ या क्रमानं पेटतात. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. चौघांचे मिळून १६०० ठोके. त्यातला एक गप्प बसला, की १-३-४-२ च्या जागी १-हं-४-२, १-हं-४-२ असं चालतं. दर सेकंदाला सहा-सात ठोके चुकतात. उभी गाडी थरथरते, चढाला धापा टाकते, पेट्रोल जास्त पिते. गॅरेजच्या भाषेत, 'गाडी मिसिंग करतेय'.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांची गाडी अशीच मिसिंग करू लागली. जुन्या बांधणीची, चार सिलिंडरची व्हॅन. पेट्रोलवर चाले, पण बहुतेक वेळ सीएनजी गॅसवरच. एका ठिकाणी त्यांनी ती दाखवली. तिथं नुसता आवाज ऐकून सांगितलं गेलं, ''इंजिन गेलं. खाली उतरवावं लागेल. रिंगा, बोअर, सगळं काम काढू. आठ-दहा दिवस गाडी सोडून जा.'' काकांचा चेहरा उतरला. खर्च तर मोठाच, शिवाय दहा दिवस कमाई बंद. आणि सहामाही परीक्षा तोंडावर! मुलं शाळेत यायची कशी?

काकांनी मग शाळेजवळच्या बोळातल्या एका वयस्क मेकॅनिकला गाडी दाखवायचं ठरवलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. घरची माणसं न्यायला येईपर्यंत थांबलेली चार-पाच मुलं आणि मी, असा आमचा घोळकाही मागोमाग गेला.

मेकॅनिक आजोबांनी गाडीकडे पाहिलं आणि मुलांना विचारलं, ''काय रे, पोट दुखतंय म्हटलं की डॉक्टर लगेच कापतात का?''

''नाही!'' मुलं ओरडली.

''मग आपणही कापायचं नाही. आधी विचारायचं.''

''कोणाला?''

''इंजिनालाच. ते खोटं बोलत नाही.''

पहिला प्रश्न : कोण?

इंजिन चालू होतं. आजोबांनी मुलांना चार पावलं मागं उभं केलं. रबरी मुठीच्या पकडीनं त्यांनी पहिल्या सिलिंडरच्या प्लगची वायर क्षणभर काढली. इंजिन एकदम अडखळलं. म्हणजे पहिला गडी काम करत होता, त्याला थांबवल्यावर फरक पडला. दुसरी वायर, पुन्हा अडखळलं. तिसरी वायर काढली आणि... काहीच नाही! इंजिन होतं तसंच थरथरत राहिलं. चौथीला पुन्हा अडखळलं.

''सापडला!'' मुलं म्हणाली. जो आधीच गप्प आहे, त्याला गप्प केलं तर काय फरक पडणार?

(हे तुम्ही मुळीच करायचं नाही हं! त्या वायरीत हजारो व्होल्टचा झटका असतो. नव्या गाड्यांत तर मोठ्यांनीही असं करू नये, त्यातली नाजूक यंत्रणा बिघडू शकते. आणि तिथं गरजही नाही. नव्या गाड्यांतला संगणकच नाव सांगतो. तिसरा सिलिंडर चुकत असेल तर तो 'पी०३०३' असा संकेत नोंदवतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण मित्रांनो, तो फक्त 'कोण' सांगतो. 'का' ते शोधायला माणूसच लागतो.)

दुसरा प्रश्न : काय कमी?

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. मिश्रण, ठिणगी आणि दाब. तिसऱ्याला यांतलं काय मिळत नव्हतं?

आजोबांनी तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात घातला आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात. पुन्हा वायर काढायची परीक्षा. प्लग खराब असता, तर आता दुसरा गप्प बसला असता. पण गप्प राहिला तो तिसराच. म्हणजे प्लग निर्दोष! वायरीही अशाच बदलून पाहिल्या. गाडी गॅसवर चालवा नाहीतर पेट्रोलवर, तिसरा गप्पच. मग उरला दाब.

आता आजोबांनी कॉम्प्रेशन गेज काढलं. हवा भरण्याच्या दुकानातल्या घड्याळासारखंच ते दिसतं. इंजिन गरम होतंच. त्यांनी चारही प्लग काढले, ठिणगीचा करंट आणि इंधन बंद केलं. गेजची नळी पहिल्या प्लगच्या भोकात बसवली. काकांना सांगितलं, ''एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा.'' एक्सलेटर का दाबायचा? दाबला नाही तर पुरेशी हवाच आत येणार नाही, आणि बिचारा निरोगी सिलिंडरही नापास ठरेल! प्रत्येकाला मोजून सहा ठोके. कमी नाही, जास्त नाही. परीक्षा सगळ्यांना सारखीच हवी ना?

एका मुलानं आपल्या वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिले :

पहिला – १४८
दुसरा – १५०
तिसरा – ९०
चौथा – १४५

नियम असा, की सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाऊण पटीखाली जाता कामा नये. १५० ची पाऊणपट किती? साडेबाराशे नव्हे रे, एकशे साडेबारा! तिसऱ्याचे ९०. सरळ नापास.

तिसरा प्रश्न : गळती कुठे?

आता मोठा प्रश्न. हवा निसटते कुठून? वाटा मोजक्याच. एक, दट्ट्याच्या कडेनं खाली. दट्ट्याभोवती लोखंडी रिंगा असतात, त्या झिजल्या तर. दोन, दोन झडपांपैकी एखादी नीट मिटत नसेल तर तिथून. तीन, हेड आणि विहीर यांच्यामध्ये जी पातळ चकती दाबून बसवलेली असते, ती हेड गॅस्केट जळली असेल तर. मग हवा शेजारच्या सिलिंडरात किंवा थंड पाण्याच्या वाटेत घुसते.

पहिल्या वाटेसाठी सगळं इंजिन उतरवावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी वरचं हेड काढलं तरी भागतं, कधी तर तेही लागत नाही. म्हणजे काकांचे दहा दिवस या एका उत्तरावर अवलंबून होते.

आजोबांनी तिसऱ्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावलं.

हे कशासाठी? सायकलच्या दुकानात जा. पंपातला चामड्याचा वायसर सुकला की पंप हवा धरत नाही. दुकानदार काय करतो? पंपात चार थेंब तेल टाकतो. तेल कडेची फट बुजवतं आणि पंप पुन्हा हवा मारू लागतो. इथंही तेच. तेल दट्ट्याच्या कडेला पसरतं आणि झिजलेल्या रिंगांची फट थोडा वेळ बुजवतं. दाब एकदम वाढला, तर समजायचं दोष रिंगांचा. दाब वाढला नाही, तर गळती वरच्या बाजूला, जिथं तेल पोचतच नाही.

सेल्फ फिरला. सगळ्यांचे डोळे काट्यावर. काकांचे तर पापणीही न लवता.

९५.

९० चे फक्त ९५! आजोबा म्हणाले, ''रिंगा ठीक आहेत. इंजिन खाली उतरवायचं काम नाही.'' काकांनी भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला.

पण काम संपलं नव्हतं. आजोबांनी तिसरा दट्ट्या अगदी वर, दोन्ही झडपा मिटलेल्या असतील अशा जागी आणून ठेवला. प्लगच्या भोकात कॉम्प्रेसरची नळी जोडून आत हवा सोडली. ''आता कान लावा. कोण कुठून बोलतंय ते सांगा.''

तुमच्या लक्षात आलं का, ही तर पंक्चरवाल्याची युक्ती! तो ट्यूबमध्ये हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात बुडवतो आणि बुडबुडे शोधतो. इथं बुडबुड्यांच्या जागी फुसफुस. ऑइल भरायच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा. हवेच्या फिल्टरकडून आला तर आत येण्याची झडप. सायलेन्सरमधून आला तर बाहेर जाण्याची झडप. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. (रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडतात. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं.)

एक मुलगी गाडीच्या मागं गेली होती. सायलेन्सरपासून हातभर अंतरावर बसून तिनं कान टवकारले आणि ओरडली, ''बाई, इथं साप बोलतोय!''

दारात अडकलेली फट

बाहेर जाण्याची झडप मिटत नव्हती. पण का?

इंजिन गार होऊ द्यायला हवं होतं. तोवर आजोबांनी मुलांना झडपेची गोष्ट सांगितली. प्रत्येक झडपेच्या शेपटीला वरून एक दांडी ठोकते आणि झडप उघडते. झडप मिटलेली असताना ती दांडी आणि शेपटी यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. किती? साधारण दोन कागदांच्या जाडीएवढी. कारण धातू तापला की लांबतो. फटच ठेवली नाही, तर गरम झालेली झडप पूर्ण मिटणारच नाही. या फटीच्या मापाला गॅरेजमध्ये 'टॅपेट सेटिंग' म्हणतात.

आता, झडप दिवसभर आपल्या बैठकीवर आपटत असते. बैठक झिजते, झडप थोडी आत बसते, आणि शेपटी तेवढी वर येते. फट कमी कमी होत जाते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत ही बैठक लवकर झिजू शकते, म्हणून टॅपेट वेळेवर तपासावे लागतात. फट संपली, की झडप दारात पाय अडकावा तशी किंचित उघडी राहते. मग पेटलेला जाळ त्या फटीतून जातो आणि झडपेची कड जाळू लागतो.

इंजिन गार झाल्यावर आजोबांनी वरचं कव्हर काढलं. फिलर म्हणून पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, त्यातली योग्य जाडीची पट्टी त्यांनी एकेका फटीत घालून पाहिली. पहिल्याला गेली, दुसऱ्याला गेली. तिसऱ्याच्या बाहेरच्या झडपेला? सर्वांत पातळ पट्टीसुद्धा आत जाईना! त्यांनी एक नट सैल केला, स्क्रू थोडा फिरवला, पट्टी हलके सरकेल इतकी फट ठेवली आणि नट आवळला.

पुन्हा इंजिन गरम केलं, पुन्हा गेज लावलं. १३०.

पूर्वीसारखे १५० नाहीत, पण पास! गाडी सुरू केली, तर थरथर जवळजवळ गेलेली. काकांनी हात जोडले. आजोबा मात्र म्हणाले, ''झडपेची कड थोडी भाजलीय, म्हणून १३० वर अडलं. महिन्यानं परत मोजू. आकडा खाली आला, तर हेड उतरवून वॉल घासू. पण बोअरला हात लावायचं कारण नाही.'' सोमवारी सकाळी व्हॅन नेहमीच्या वेळेला दारात हजर होती.

आणखी उशीर झाला असता तर झडप पुरती जळली असती. आणि आवाजावर भरवसा ठेवून आधीच इंजिन उतरवलं असतं, तर नव्या रिंगा टाकूनही तिसरा गप्पच राहिला असता. कारण दोष तिथं नव्हताच!

पालकांसाठी दोन शब्द

आईबाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. मुलाच्या प्रगतिपुस्तकात एक आकडा खाली आला, की घराघरांत 'इंजिन खाली उतरवण्याची' भाषा सुरू होते. खेळ बंद, टीव्ही बंद, सगळ्या विषयांची शिकवणी लावा. आणि वर 'ढ' हा शिक्का. हा शिक्का म्हणजे नुसत्या आवाजावरून केलेलं निदान.

आम्ही प्राथमिक शिक्षक रोज वर्गात गेज घेऊनच उभे असतो म्हणा ना. समजा, एका मुलाला भागाकार येत नाही. त्याच्यासमोर पाढ्यांचा तक्ता ठेवायचा आणि पुन्हा भागाकार द्यायचा. हा आमचा चमचाभर तेलाचा प्रयोग. आता उत्तर बरोबर आलं, तर त्याला भागाकाराची रीत येते, गळती पाढ्यांत आहे. रोज दहा मिनिटं पाढे, काम संपलं. तक्ता असूनही चुकलं, तर रीतच पुन्हा शिकवायला हवी, तिथं पाढ्यांचा रट्टा मारून उपयोग नाही. आणि वहीतलं गणित बरोबर, पण फळ्यावरून उतरवलेलं चूक, असं दिसलं तर? मग दोष गणितात नाहीच, मुलाचे डोळे तपासून घ्या. तीन मुलं, एकच चूक, तीन वेगळी कारणं. एकच औषध तिघांना कसं चालेल? आधी कोणता विषय, मग त्यातली कोणती जागा, आणि मगच उपाय. उपाय बहुतेक वेळा स्क्रू थोडा फिरवण्याइतका लहान असतो. फक्त वेळेवर झाला पाहिजे.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून सुई नसलेली नवी सिरिंज आणा, १० मिलिलिटरची. दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत ओढा. टोकावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या आत ढकला. कुठपर्यंत जातो? सोडल्यावर कुठपर्यंत परत येतो? तो आकडा लिहा. आता बोट अगदी किंचित सैल ठेवून तसंच करा. दट्ट्या सहज आत जाईल, पण परत मात्र येणार नाही. ही झाली तुमची 'न मिटणारी झडप'. मित्राला डोळे मिटायला सांगा आणि फक्त दट्ट्या ढकलून बोट घट्ट आहे की सैल ते ओळखायला लावा.

डोकं चालवा

एका गाडीच्या चार सिलिंडरांचे आकडे आले १५०, ८५, ८५, १४८. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं, तरी आकडे हलले नाहीत. दुसऱ्यात कॉम्प्रेसरची हवा सोडली, तर फुसफुस चक्क तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून ऐकू आली! सायलेन्सर गप्प, फिल्टर गप्प, ऑइलचं झाकणही गप्प.

चोर कोण? उत्तर याच लेखात दडलंय. घाई करू नका. वहीत आधी लिहा, कोण कोण निर्दोष सुटलं आणि कोणत्या पुराव्यावरून. मग जो उरेल त्याचं नाव लिहा. आणि रविवारी बाबांच्या नाहीतर आजोबांच्या ओळखीच्या एखाद्या मेकॅनिकला आपलं उत्तर सांगून बघा. 'पोरा, कुठं शिकलास?' असं त्यानं विचारलं, तर समजा, पैकीच्या पैकी!

तुमची,
बाई